फायबर आणि तणस

माझ्या मुलीनं आजवर माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. (लहानपणी मागितलं असेल, मी ‘पाहू, सांगतो’ म्हणालो असेन आणि तोवर तिनं ते आईकडून मिळवलं असेल.) म्हणून दिवाळी सरता सरता पुण्याहून तृप्तीचा फोन आला आणि तिनं आईला सोडून चक्क माझ्याकडे काहीतरी मागितलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

“बाबा, घरी फायबर घेऊन टाका नं. नेट बरोबर असलं तर मी महिनाभर तिथूनच काम करीन. मंडई बी भेटन मले यंदा.”

मंडई म्हटल्यावर पुण्यामुंबईच्या वाचकांनी भाजीबाजार डोळ्यांपुढे आणू नये. दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात एकेका गावाची मंडई लागते. त्या दिवशी त्या गावात घरोघरी पाहुणे, भर दुपारी दंडार नाहीतर खडी गंमत ही आमची लोकनाट्यं, आणि माहेरी आलेल्या लेकी. आमची लेक मात्र नोकरी लागल्यापासून आमच्या गावच्या, शहापूरच्या, मंडईला एकदाही आली नव्हती. मंडईच्या दिवशी गीता, म्हणजे माझी बायको, घरी आलेल्या दुसऱ्यांच्या लेकींना वाढायची आणि मधेच स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ काहीतरी शोधत बसायची. काय शोधते, हे मी कधी विचारलं नाही.

“पन एक आहे बाबा,” तृप्ती पुढे म्हणाली. “सोमवारी सकाळी माही मोठी मिटिंग आहे. मॅनेजर म्हनते, त्यात नेट गेलं तर लगेच पुण्याले वापस या. मग मंडई बी गेली आन् महिना बी गेला.”

म्हणजे सोमवारी मिटिंग, बुधवारी मंडई, आणि या दोन्हींच्या अलीकडे मी.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी डॉ. खेमराज रामटेके. सारी हयात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. पीएच.डी.चा विषय होता ‘अनिश्चित परिस्थितीत निर्णय घेण्याच्या पद्धती’. त्या प्रबंधाला पारितोषिकही मिळालं. ते घ्यायला नागपूरला बसनं जावं की रेल्वेनं, हे वेळेत न ठरल्यामुळे ते पोस्टानं आलं. पुढे जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा संस्थेनं विचारलं, गोंदियाच्या कॉलेजात जाता की भंडाऱ्याच्या कॉलेजात राहता? मी म्हणालो, पाहू, सांगतो. (ते बहुधा अजून वाट पाहत असतील.) आमच्या घरावर अजून कवेलू, म्हणजे कौलंच, आहेत, कारण स्लॅब टाकावा की टाकू नये, यावर माझा अभ्यास चालू आहे.

‘पाहू, सांगतो’ याचा माझ्या भाषेत अर्थ ‘नको’ असा आहे. पण तोंडावर ‘नको’ म्हणायला जी छाती लागते ती मला कोणत्याही पदवीबरोबर मिळाली नाही. कॉलेजात सगळ्यांना हे ठाऊक होतं. फायबरवाल्यांना ठाऊक नव्हतं, आणि इथूनच सगळं बिघडलं.

मी अभ्यासाला लागलो. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘शंभर एमबीपीएसपर्यंत’. त्या ‘पर्यंत’नं माझी झोप उडवली. शून्यसुद्धा शंभरपर्यंतच येतं! मग डाउनलोड वेगळं आणि अपलोड वेगळं असतं, असं कळलं. मग राऊटर आपला की त्यांचा, हा प्रश्न आला. एका योजनेत बारा मनोरंजनाचे ॲप फुकट होते आणि गीता पाहते ती मालिका नेमकी तेराव्यावर होती. मी हायवेपर्यंत चालत जायचो, विचार करायचो, परत यायचो. फाटकापाशी आल्यावर उलटा विचार सुचायचा, की पुन्हा हायवेकडे.

“का येरझारा मारून राहिले जी?” गीता विचारायची.

“फायबरचा विचार करून राहिलो.”

“तुमी विचार करा. माह्या लेकीची गाडी नागपूरपर्यंत येईल, तिथून वापस जाईल.”

पहिला आला गुलाब. हा गीताच्या मावसबहिणीचा मुलगा, मूळचा एकोडीचा. आमच्या गावात टीव्हीची केबल तोच चालवतो आणि आता त्यानं फायबरही सुरू केलं आहे. मी त्याला खाटेवर बसवलं आणि प्रश्न विचारले. पावसात चालतं का? वीज गेली तर? माकडांचं काय?

“मावसाजी,” गुलाब छातीवर हात ठेवून म्हणाला, “शहापूरची माकडं माह्याच वायरवर बसतात. दुसऱ्याची पसंतच नाही त्यायले.”

मी म्हणालो, “पाहू, सांगतो.”

दुसरा अंकुर. माझा जुना विद्यार्थी, आता एका मोठ्या कंपनीचा भंडाऱ्यातला मॅनेजर. दारातच “जय भीम सर” म्हणून पायाशी वाकला. मी त्यालाही बसवलं आणि म्हणालो, “तुमचं नेट वर्षातून किती वेळ बंद असतं? नुसती सरासरी सांगू नकोस. प्रमाण विचलन सांग.”

अंकुर परीक्षेत पांढरा पडायचा तसाच पांढरा पडला. “सर, सिलॅबसच्या बाहेरचं नका विचारू नं.”

मला त्याची दया आली. मी म्हणालो, “पाहू, सांगतो.”

तिसरा विनोद. माझे जुने सहकारी आणि रोज सकाळी फिरायला सोबत येणारे श्यामराव, त्यांचा हा जावई. तो नुकताच तिसऱ्याच एका कंपनीत लागला होता. श्यामराव मला रस्त्यातच थांबवून म्हणाले, “खेमराज, जावयाचं पहिलंच गिऱ्हाईक तू. माही लाज राख.”

मी काय म्हणालो, हे वाचकांनी ओळखलं असेल.

शुक्रवार उजाडला. तृप्ती रविवारी पहाटे येणार होती आणि घरात अजून एक इंच वायर नव्हती. गीतानं सकाळी चहा दिला तो कप आपटून.

“आज दिवसभरात वायर नाई आली तर मी जातो पुण्याले. मंडई तुमी एकटेच करा. पाहुन्यायले तुमच्या हातचं वाढा.”

एवढी स्पष्ट माहिती मिळाल्यावर निर्णय सोपा होतो. (प्रबंधाचं चौथं प्रकरण.) बायकोच्या माहेरचा माणूस नाकारला तर त्रास कायमचा, म्हणून मी गुलाबला फोन केला. तो तासाभरात आला. समोरच्या खांबावरून वायर आणून गल्ली ओलांडून, फाटकाच्या वरून सरळ छपराच्या वाशाला बांधली, खिडकीतून आत घेतली आणि बैठकीत बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर पांढरा डबा ठेवला. हिरवे दिवे लागले. मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, इतकं सोपं होतं तर आपण आयुष्यभर काय करत होतो?

हलकेपणा चहा संपेपर्यंत टिकला. फाटकात अंकुर उभा होता. खांद्यावर वायरचं भेंडोळं.

“सर, तुमी म्हनाले होते पाहू, सांगतो. म्हटलं, सरले सांगायची तरी तसदी काहून द्यायची? आपनच जाऊन लावून देऊ.”

इथं एक वाक्य बोलायचं होतं: ‘अंकुर, मी दुसऱ्याचं घेतलं.’ सोपं वाक्य आहे. मी ते मनातल्या मनात नीट तयार केलं, आणि मग आत धावत जाऊन गुलाबच्या डब्यावर टॉवेल टाकला.

“सर, टॉवेलखाली का लुकलुकून राहिलं?”

“गीताचं काहीतरी आहे. तू तुझं काम कर.”

“वायर कुठून आनू?”

“त्या खांबावरून. फाटकावरून सरळ.”

“तिथं आधीच एक वायर आहे, सर.”

“असते,” मी म्हणालो.

कुंपणापलीकडे शेजारचा डोमा बिडी ओढत बसला होता. डोमा एरवी भिंतींना रंग देतो, पण मंडईत गावच्या खडी गंमतीत तो सोंगाड्या असतो आणि त्याला पाहायला तुमसरपासून माणसं येतात. तो नुसता पाहत होता. सोंगाड्या न बोलता पाहत असला की आपण सावध व्हावं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

शनिवारी विनोद आला. एकटा नाही, सोबत श्यामराव, आणि श्यामरावांच्या हातात पेढ्यांचा पुडा. आमच्याकडे जावई दारात आला की त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. हा तर जेवायलाही नको म्हणत होता. फक्त वायर लावतो म्हणत होता. एवढ्या साध्या जावयाला परत कसं पाठवणार? मी पेढा तोंडात टाकला. पेढा तोंडात असताना ‘पाहू, सांगतो’सुद्धा म्हणता येत नाही. तोवर विनोद खांबावर चढला होता.

“कुठून आनू, काकाजी?”

मी पेढ्यासकट हातानं दाखवलं. फाटकावरून सरळ.

काम झाल्यावर तिन्ही वायरी एकाच जुडीत, एकाच उंचीवर, एकाच वाशाला इतक्या नीट बांधलेल्या दिसत होत्या की मी विनोदचं मनापासून कौतुक केलं. त्यानं तर आधीच्या दोन वायरींनाही आपल्या पट्टीनं आवळून घेतलं होतं.

गीता बाजारातून आली. तसबिरीखालचे तीन डबे पाहून पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली.

“हे का आहे जी? रोषनाई केली का?”

“गीता, आधी ऐक. हे मी मुद्दाम केलं.” (हे वाक्य मला त्याच क्षणी सुचलं आणि सुचल्याबरोबर खरं वाटायला लागलं.) “समज, एक लाइन दहा वेळांतून एकदा बंद पडते. मग दोन्ही एकदम बंद पडायची शक्यता शंभरात एक. आणि तिन्ही एकदम बंद पडायची? हजारात एक! सोमवारची मिटिंग आता आकाश कोसळलं तरी बंद पडत नाही.”

“हजारात एक?”

“हजारात एक.”

“तुमाले ते पारितोषिक भेटलं होतं, ते बी हजारातून एकालेच भेटते नं?”

मला हा युक्तिवाद शास्त्रीय वाटला नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही हे खरं.

रविवारी तृप्ती आली. गीता तिला दारातच धरून उभी राहिली. मला तिच्या बॅगेपर्यंतच पोचता आलं. तृप्तीनं लॅपटॉप उघडला आणि हसायलाच लागली.

“बाबा! तीन-तीन नेट? पुण्यात माह्या घरी बी एकच आहे. कोनतं लावू?”

“तोच विचार करून राहिलो,” मी म्हणालो.

तेवढ्यात बाहेरून गुलाबचा आवाज आला. तो आपल्या वायरीखाली मान वर करून उभा होता. “मावसाजी, माह्या वायरले हे दोन कोन लटकले?”

“पाहू, सांगतो.”

गुलाब रागावला नाही, हे त्याचे उपकार. तो फक्त म्हणाला, “माकडं का करतील आता? कन्फ्यूज होऊन जातील.”

रविवारी दुपारी आणखी एक फोन आला. गोमाजीचा. गावाबाहेर आमच्या थोड्या धानाच्या बांध्या (खाचरं) आहेत, त्या गोमाजी बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, करतो. गीतानं माझ्या निवृत्तीनंतर एक गाय पाळली आहे (माझ्यापेक्षा तिची सोबत बरी, असं ती म्हणते), आणि त्या गायीसाठी दरवर्षी धान निघाल्यावर तणस (भाताचा पेंढा) येतं.

“सर, तनस आनतो. दोन खेपा करू का? एक उद्या, एक मंगळवारी?”

मंगळवारी पाहुणे यायला सुरुवात होणार. अंगणात ट्रॅक्टर, तणसाचा कचरा, पाहुण्यांच्या गाड्या. मला ते चित्र नको वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कुठलाही विचार न करता, येरझारा न घालता, ताडकन निर्णय दिला.

“एकाच खेपेत आण. रचून आण. उद्या सकाळीच.”

फोन ठेवल्यावर मला स्वतःचा अभिमान वाटला. गीतालाही सांगितलं. तीही म्हणाली, “पाहा, जमते नं तुमाले!”

सोमवार. तृप्ती बैठकीत टेबलाशी बसली. गीतानं मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही असं ठरवून सकाळी नुसती भाकर केली. मी तसबिरीखाली उभा राहून दिवे पाहत होतो. पहिला डबा हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा हिरवा. पुन्हा पहिला. मिटिंग सुरू झाली. तृप्ती इंग्रजीत इतकं छान बोलत होती की मला ते कोणीतरी दुसरंच वाटलं. गीता दाराआड उभी राहून पदराला हात पुसत होती. हात केव्हाचे कोरडे होते.

मग ट्रॅक्टरचा आवाज आला.

आधी मला काहीच वाटलं नाही. मग मी खिडकीतून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी तणसाचा एक डोंगर वळत होता. खाली कुठेतरी ट्रॉली असणार आणि पुढे कुठेतरी गोमाजी. मला दिसत होता तो फक्त डोंगर. त्याचा माथा आमच्या कवेलूंच्या वर होता. मी ‘रचून आण’ म्हणालो होतो आणि गोमाजी सांगितलेलं काम मनापासून करणारा माणूस आहे.

“थांब! गोमाजी, थांब!” मी धावत ओरडलो.

“हो सर, आतच घेतो!” गोमाजी इंजिनाच्या आवाजात ओरडला आणि त्यानं ट्रॉली फाटकात घातली.

विनोदनं बांधलेली पट्टी फार मजबूत होती. एखादी वायर सटकली असती तर एखादी वाचली असती. पण तिन्ही एकत्र ताणल्या गेल्या, एकत्र तणसात रुतल्या. मी मागे वळून दारातून आत पाहिलं तर तसबिरीखालून तीन डबे एकामागोमाग एक, शाळेची मुलं रांगेत निघावीत तसे, खिडकीकडे निघाले होते. पहिला गजांना अडकला. दुसरा पहिल्यावर आदळला. तिसऱ्यानं मधेच जमिनीवर उडी घेतली. बाहेर ‘टण्ण’ असा आवाज झाला आणि तिन्ही वायरी सोमवारी सकाळी, मिटिंगच्या मध्यात, एकाच क्षणी तुटल्या.

वर्गात मी दरवर्षी फळ्यावर जाड अक्षरांत लिहायचो: शक्यतांचा गुणाकार करण्यापूर्वी घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, ते पाहा. ज्याला हे समजलं नाही त्यानं माझा विषय सोडावा, असंही म्हणायचो. अंगणात उभं राहून मला वाटलं, आपण विषय सोडावा.

“हॅलो? हॅलो? कॅन यू हिअर मी?” आतून तृप्तीचा आवाज आला. मग तो थांबला.

गीता बाहेर आली. तिनं ट्रॉलीकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती स्वयंपाकघराकडे वळली, आणि मला कळलं की आता ती तिथे जाऊन काहीतरी शोधणार आहे.

ते मला बघवेना. मी ओरडलो, “तृप्ती! फोन! फोनवरून लाव!”

“घरात रेंज कुठं आहे बाबा? एकच कांडी!” ती लॅपटॉप हातात घेऊन अंगणात आली. फोन वर धरून गोल फिरली. एक कांडी. ओसरीवर चढली. एक कांडी. स्लॅब असता तर गच्चीवर गेली असती. (त्या क्षणी स्लॅबवरचा माझा अभ्यास पूर्ण झाला.)

मग तिनं फाटकात अडकलेल्या तणसाच्या डोंगराकडे पाहिलं. लहानपणी ती तणसाच्या ढिगावरून उतरायलाच तयार नसायची, गीता काठी घेऊन खाली उभी असायची. तिनं चप्पल काढली.

“गोमाजीकाका, हात द्या!”

“कायले बाई?” गोमाजीनं विचारलं, पण विचारता विचारता हात दिला. ती ट्रॉलीच्या दांड्यावर पाय ठेवून वर गेली आणि माथ्यावर मांडी घालून बसली. “बाबा, चार कांड्या! लॅपटॉप द्या!”

मी लॅपटॉप दिला. मग तिला पडद्यावर उन्हानं काही दिसेना, म्हणून मी छत्री घेऊन वर चढलो. कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. माझ्या वयाचा माणूस तणसावर चढण्याची शक्यता मी कधी मोजलेली नाही. गुडघ्यापर्यंत तणसात रुतून मी तिच्या मागे छत्री धरून उभा राहिलो. खालून गाय आमच्या आसनाचा एकेक घास ओढत होती. ट्रॉलीमागे गल्लीत दोन मोटारसायकली आणि एक बकऱ्यांचा कळप थांबला होता.

मिटिंग पुन्हा सुरू झाली. तृप्तीनं तिचं सगळं सांगून संपवलं. मग पलीकडून तिच्या मॅनेजरचा आवाज आला. माणूस मराठी निघाला.

“तृप्ती, हे मागचं बॅकग्राउंड कुठून डाउनलोड केलंस? फारच खरं वाटतंय.”

“खरंच आहे, सर. तणस आहे.”

“आणि मागे छत्री घेऊन ते कोण?”

तृप्तीनं मागे वळून पाहिलं. माझ्या डोक्यावर तणस होतं आणि खांद्यावरून गुलाबची नाहीतर अंकुरची, कोणाची तरी वायर लोंबत होती.

“आयटी सपोर्ट,” ती म्हणाली.

पलीकडे बराच वेळ हसणं चाललं. मग मॅनेजर म्हणाला, “गवताच्या गंजीवरूनही काम वेळेत होत असेल तर महिनाभर तिथेच राहा. पण सपोर्टला खाली उतरव, पडतील.”

खाली गीता उभी होती. तिनं वर पाहून विचारलं, “का म्हनते तो?”

“राहा म्हनते आई! महिनाभर!”

गीतानं पदर तोंडाला लावला. मग पदर काढून माझ्यावर ओरडली, “उतरा आता खाली! हात-पाय मोडून घ्याल मंडईच्या तोंडावर!” कुंपणावर डोमा बसला होता. हातातली बिडी विझून गेली होती आणि त्याला ती पेटवायचं भान नव्हतं.

दुपारी तिन्ही वायरवाले एकाच वेळी आले. गुलाब म्हणाला, त्या दोघांमुळे माझी तुटली. अंकुर म्हणाला, सर, माझी एकटी असती तर टिकली असती. विनोद जावई माणूस, त्यानं फक्त चहा घेतला. मग तिघांनी मिळून मला विचारलं, पुन्हा जोडायचं का? आणि जोडायचं तर कोणाचं?

“पाहू,” मी म्हणालो, “सांगतो.”

संध्याकाळपर्यंत तिन्ही वायरी जोडून झाल्या. या वेळी तिघांनी त्या जरा उंच बांधल्या. तिन्ही एकाच जुडीत.

बुधवारी मंडई भरली. घर पाहुण्यांनी भरलं. या वेळी गीता स्वयंपाकघरात एकदाही काही शोधायला गेली नाही; वाढायला तृप्ती होती आणि गीता तिलाच उलट वाढत होती. दुपारी आम्ही सगळे मंडपात गेलो. गावातला शिकलेला म्हातारा म्हणून मला पुढची खुर्ची. माझ्या मागच्या रांगेत गुलाब, अंकुर, श्यामराव, विनोद. बाजूला गोमाजी, नव्या सदऱ्यात.

ढोलकी वाजली आणि डोमा आला. गळ्यात तीन दोरखंड, डोक्यावर तणस, हातात उघडी छत्री, नाकावर कुठून तरी पैदा केलेला माझ्यासारखा चष्मा. दोन गड्यांच्या खांद्यावर तो उभा होता आणि पुढे एक जण तोंडानं ट्रॅक्टर वाजवत होता. मंडप कोसळायचा बाकी राहिला. तृप्ती फोनवर सगळं टिपत होती आणि टिपता टिपता पुण्याला पाठवत होती. (मंडपात फोनला चार कांड्या होत्या. माझ्या बदनामीत एक सेकंदाचाही खंड पडला नाही.)

“आयटी सपोर्ट आला, बाजू व्हा!” डोमा ओरडला. खांद्यांवरून उतरला, दोरखंडात पाय अडकून पडला, उठला, पुन्हा पडला. मग छत्री मिटून तो थेट माझ्या खुर्चीपुढे आला आणि कंबरेत वाकला.

“सरजी! तीन-तीन तारा गळ्यात घेऊन जीव कासावीस झाला माहा. दोन काढून टाका, एकच ठेवा. बोला, कोनाची ठेवू?”

ढोलकी थांबली. सगळी मंडई माझ्याकडे पाहू लागली. मागून गुलाब, अंकुर आणि विनोद यांचे श्वास मला मानेवर जाणवत होते. मी उभा राहिलो. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर होतं. स्पष्ट, एका शब्दाचं, नाव घेऊन. मी तोंड उघडलं.

आणि मी काही बोलायच्या आत सगळी मंडई एका सुरात ओरडली, “पाहू, सांगतो!”

सगळ्यांत मोठा आवाज गीताचा होता.

घरी आल्यावर मी तृप्तीला सांगितलं, मी ते म्हणणार नव्हतो, मी वेगळंच म्हणणार होतो.

“मग कोनाचं नाव घेनार होते बाबा?” तिनं विचारलं.

त्यावर माझा अभ्यास चालू आहे.